व्हीपीएन जोडलं, पिंग जातं, मग पलीकडचं यंत्र 'नेटवर्क'मध्ये दिसत का नाही?

प्रश्न: छापखाना_इचल

नमस्कार. आमचा छापखाना इचलकरंजीत, डिझाइनचं ऑफिस कोल्हापुरात. दोन्ही राउटरवर वायरगार्ड (एक व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खाजगी बोगदा) बसवून मी लायनी जोडल्या. यंत्रांचे आयपी पत्ते इचलकरंजीला १९२.१६८.१०.०/२४, कोल्हापूरला १९२.१६८.२०.०/२४. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का याची चाचणी) व्यवस्थित जातं. नॅसचा (नेटवर्कवर फाइली ठेवायच्या डब्याचा) पत्ता हाताने टाकला की फाइली उघडतात. पण कोल्हापूरच्या विंडोजवर 'नेटवर्क' उघडलं की नॅस दिसत नाही, आणि प्रूफचा प्रिंटर आयपॅडला सापडत नाही.

तिसरी गोष्ट मला अजिबात कळलेली नाही. सीटीपीचा (छपाईच्या प्लेटा काढायचा) पीसी इचलकरंजीला आहे, तो मी कोल्हापुरातून वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून इशारा पाठवून) चालू करते. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत पाठवलं तर चालू होतो. सकाळी पाठवलं तर ढिम्म. बोगदा तोच, पत्ता तोच. मग फरक कशाचा?

उत्तर १: केबल_आणि_क्लिप

वायरगार्ड काढा, ओपनव्हीपीएन (दुसरं एक व्हीपीएन) टॅप मोडमध्ये लावा आणि दोन्हीकडे ब्रिज करा. सगळं एकच लॅन (एका जागेचं नेटवर्क) होईल, तिन्ही प्रश्न सुटतील.

उत्तर २: गोदाम_नाशिक

ताई, कृपा करून हे करू नका. मी केलं होतं. आमची औषधांची दोन गोदामं, एक नाशिकला, एक मालेगावला. टॅप ब्रिज लावला, संध्याकाळी सगळं एकमेकांना दिसायला लागलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी मालेगावची बिलिंगची यंत्रं चालू झाली आणि त्यांतल्या काहींना आयपी नाशिकच्या राउटरने दिला. डीएचसीपीची मागणीही (यंत्राने आयपी मागणं) ब्रॉडकास्टच, म्हणजे सगळ्यांना एकदम मारलेली हाक असते. दोन राउटरांपैकी ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं यंत्र. त्या यंत्रांचं सगळं इंटरनेट बोगद्यातून नाशिकला जाऊन यायला लागलं. ऐन गर्दीच्या वेळी बिलं अडकली. चूक शोधायला दुपार झाली, कारण पिंग सगळीकडे जात होतं.

ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. ती वेशीपर्यंतच ऐकू येते, आणि राउटर ही वेस आहे. २५५.२५५.२५५.२५५ ला पाठवलेलं पाकीट राउटर पुढे सोडतच नाही, तसा नियमच आहे. वायरगार्ड तर थर ३ चं, म्हणजे फक्त आयपी पाहणारं: त्याच्या इंटरफेसला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) नाही, एआरपी (आयपीवरून मॅक शोधणं) नाही. ठरावीक आयपीचं पाकीट ठरावीक पिअरला (बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला) देणं एवढंच त्याचं काम. म्हणून तुमचं पिंग जातं आणि दवंडी जात नाही. यात बिघाड काहीच नाही.

आयपॅड प्रिंटर शोधतो एमडीएनएसने (आपल्याच लॅनमध्ये नाव विचारायची पद्धत), २२४.०.०.२५१ वर, पोर्ट ५३५३. हे ब्रॉडकास्ट नव्हे, मल्टिकास्ट (ठरावीक गटालाच हाक) आहे, पण २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा गटही राउटर ओलांडत नाही. विंडोजची 'नेटवर्क' यादी आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरीवर चालते, पोर्ट ३७०२. तेही आपल्याच लॅनमध्ये विचारतं.

आता तुमचा सीटीपी. तुम्ही मॅजिक पॅकेट (पीसी उठवणारं पाकीट) पीसीच्या आयपीला पाठवत असणार. इचलकरंजीच्या राउटरला तो आयपी कोणत्या मॅकचा हे एआरपीच्या तक्त्यातून कळतं. पीसी नुकताच बंद झालाय तोवर नोंद ताजी असते, पाकीट पोचतं, पीसी उठतो. नंतर नोंद जुनी होते. राउटर पुन्हा विचारतो, 'हा आयपी कोणाचा?' झोपलेला पीसी उत्तर देत नाही. पाकीट तिथेच संपतं.

१९२.१६८.१०.२५५ ला, म्हणजे इचलकरंजीच्या ब्रॉडकास्ट पत्त्याला, पाठवावं असं सुचेल. पण बाहेरून आलेलं असं पाकीट आत पसरवणं राउटरांत मुळातच बंद असतं. स्मर्फ हल्ल्यांत (खोट्या पत्त्याने पिंग पाठवून एकावर उत्तरांचा मारा करणं) याचाच गैरवापर झाला, म्हणून १९९९ च्या आरएफसी २६४४ ने (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) तसं ठरवलं. ते उघडू नका. त्यापेक्षा इचलकरंजीच्या राउटरवर एसएसएचने (दुरून आदेश द्यायची सुरक्षित जोडणी) शिरून तिथूनच मॅजिक पॅकेट सोडा. दवंडी त्या गावातच पिटली जाईल.

नॅसचं नाव दोन्ही राउटरांच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत) लिहा आणि कोल्हापूरच्या पीसींवर त्याच नावाने ड्राइव्ह जोडून ठेवा. यादीत दिसायची गरजच उरत नाही. प्रिंटरचा आयपी डीएचसीपीत राखून ठेवा आणि विंडोजवर आयपीने, पोर्ट ९१०० वर जोडा. आयपॅडसाठी मात्र मधे एमडीएनएस पोचवणारं काहीतरी लागेल. अवाही रिफ्लेक्टर ते करतो, पण ज्या डब्यावर तो चालतो त्याचा पाय दोन्ही लॅनमध्ये हवा, आणि वायरगार्डवर तो सहज बसत नाही. आयपॅड एक-दोनच असतील तर प्रूफ विंडोजवरूनच काढा, असं माझं मत.

उत्तर ३: केबल_आणि_क्लिप

डीएचसीपीचं माझ्या ध्यानात नव्हतं. टॅपवर डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८ अडवले तर चालेल ना?

उत्तर ४: गोदाम_नाशिक

आयपीचा गोंधळ थांबेल. पण प्रत्येक यंत्राची एआरपी बोगद्यातून जातच राहणार. आणि उद्या कोणी दोन्ही जागांमध्ये दुसरा ब्रिज जोडला तर फेरा तयार होईल. इथरनेट फ्रेमला (लॅनमधल्या पाकिटाला) टीटीएल, म्हणजे किती टप्प्यांनंतर संपायचं याची मर्यादा, नसतो. ती फिरतच राहते आणि लाइन भरून टाकते.

उत्तर ५: छापखाना_इचल

दादा, एआरपीचं अगदी बरोबर निघालं. काल रात्री पीसी बंद केला, आज सकाळी सव्वाआठला राउटरवर शिरून पाकीट सोडलं आणि मी बसमधून उतरायच्या आत पीसी चालू होता. नॅसचं नावही चालतंय. प्रिंटरचा आयपी राखून ठेवलाय, विंडोजवर जोडायचं काम उद्या करते.