देशांचा विश्वचषक 48 संघांचा होऊ द्या, क्लबांचा मात्र बंद करा

उजवी बगल
11 जून 2026 ला मेक्सिकोत अझ्टेका स्टेडियमवर फुटबॉलचा विश्वचषक सुरू होतोय. 48 संघ, 104 सामने. कतारमध्ये 32 संघ आणि 64 सामने होते. त्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, स्पर्धेची वाट लावली, दुसरा म्हणतो जेवढं फुटबॉल जास्त तेवढं बरं. मला दोन्ही पटत नाही. वाढवलेल्या जागा कोणाच्या पदरात पडल्या ते आधी बघा. देशांच्या स्पर्धेत त्या जॉर्डन, उझबेकिस्तान, केप व्हर्डे, कुरासाव अशा पहिल्यांदाच येणाऱ्यांना मिळाल्या. ही वाढ राहू द्या. 2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 32 क्लबांचा जो वर्ल्ड कप भरवला, तो बंद झाला पाहिजे.

पॅरिसच्या पीएसजी क्लबाचा हिशोब मांडतो. 2024-25 मध्ये त्यांचे 65 सामने झाले. 31 मे रोजी म्युनिकमध्ये इटलीच्या इंटरला 5-0 ने धुऊन पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली. तिथेच मोसम संपायला हवा होता. पंधरा दिवसांत तोच संघ कॅलिफोर्नियाच्या भर उन्हात अ‍ॅटलेटिकोविरुद्ध उभा. 13 जुलैला चेल्सीकडून फायनल 3-0 ने हरले आणि 13 ऑगस्टला टॉटनहॅमविरुद्ध सुपर कप. सुट्टी आणि नव्या मोसमाची तयारी धरून मधे एक महिना. सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सकडून खेळताना त्यांच्या डेम्बेलेची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली. त्याच महिन्यात त्याला बॅलन डी'ऑर मिळाला. जगातला सर्वोत्तम खेळाडू आणि तो मैदानाबाहेर! मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीचं तर सगळ्यांना आठवत असेल. सप्टेंबर 2024 मध्ये तो म्हणाला की वाढत्या सामन्यांमुळे खेळाडू संपाच्या जवळ आलेत, आणि पाच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. हे सगळं क्लबच्या कॅलेंडरमधून आलंय आणि फिफाने त्यावर आणखी एक मजला चढवला.

चौथा रेफ्री
क्लब वर्ल्ड कपबद्दल पूर्ण सहमत. 48 संघांबद्दल अजिबात नाही.

1 डिसेंबर 2022 ची रात्र आठवा. जपानने स्पेनला 2-1 ने हरवलं. पलीकडच्या सामन्यात जर्मनी कोस्टा रिकाला 4-2 ने हरवूनही घरी गेली. स्पेनचे आणि जर्मनीचे गुण सारखेच, चार. त्या दोन तासांत गटाचं चित्र किती वेळा पालटलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आता बारा गटांतले तिसऱ्या क्रमांकाचे आठ संघही पुढे जाणार. चार गुणांवरची जर्मनी जवळजवळ नक्कीच पुढे गेली असती, दुसऱ्या दिवशी चार गुणांवरच बाद होऊन रडणारा सुआरेझ आणि त्याचा उरुग्वेसुद्धा. आधी 48 गटसामन्यांत 16 संघ बाद व्हायचे. आता 72 सामने खेळून तेवढेच 16 बाद होणार. गटफेरीला धार उरत नाही. युरो 2016 मध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसरे आले आणि कप घेऊन गेले. ही पद्धत विश्वचषकात कशाला?

पेठेतला स्टॉपर
रेफ्री, तुमची धार जर्मनीला लागते, आम्हाला दारच बंद असतं त्याचं काय?

कॅरिबियनमधल्या कुरासावची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आमच्या कोल्हापूर शहराची 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या जवळ होती. म्हणजे आमच्या काही पेठा आणि उपनगरं एकत्र केली की एक कुरासाव होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये किंग्स्टनला जाऊन जमैकाला 0-0 वर अडवलं आणि ते विश्वचषकात पोचले. इतका छोटा देश याआधी कधीच आलेला नाही. आधीचा विक्रम आइसलंडचा होता, 2018 चा.

इथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची मॅच असली की उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीतल्या पोराला भारत कधी दिसणार? 2017 चा 17 वर्षांखालचा विश्वचषक आपण यजमान म्हणून खेळलो आणि आमचा अनिकेत जाधव भारताच्या जर्सीत त्या मैदानावर उतरला. तेव्हा कोल्हापुरात काय वातावरण होतं ते मी बघितलंय. एकदा दार उघडलं की काय होतं हे आम्हाला माहीत आहे.

चौथा रेफ्री
भावना समजते, पण आशियाच्या जागा साडेचारवरून साडेआठ (अर्धी म्हणजे प्लेऑफची) झाल्या तरी आपण पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतच बाद झालो. जून 2024 मध्ये दोहात कतारने तो गोल केला तेव्हा चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता, मान्य. पण त्याच्या पाच दिवस आधी कोलकात्यात, छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात, कुवेतविरुद्ध आपल्याला एक गोल करता आला नाही. नंतर 2027 चा आशियाई कपही हुकला.

आणि कुरासावच्या संघातले जवळपास सगळे नेदरलँड्समध्ये जन्मलेले. केप व्हर्डेने तर कॅमेरूनला मागे टाकून गट जिंकला, त्यांना सवलतीची गरजच नव्हती. मोरोक्को 32 संघांच्या स्पर्धेतच उपांत्य फेरीत गेला.

पेठेतला स्टॉपर
त्याच मोरोक्कोचे 26 पैकी 14 खेळाडू देशाबाहेर जन्मलेले होते. तेव्हा कोणी नाव ठेवलं नाही.

केप व्हर्डेचं म्हणाल तर जुन्या पद्धतीत आफ्रिकेला पाचच जागा. 2022 साठी दहा गटविजेते आपसात दोन-दोन सामने खेळले आणि त्यातले पाच बाद झाले. म्हणजे गट जिंकून केप व्हर्डेला अजून सेनेगल किंवा मोरोक्कोसारख्या संघाला हरवावं लागलं असतं. आता नऊ थेट जागा आहेत, म्हणून गट जिंकण्याला अर्थ आला. याला मी सवलत म्हणणार नाही. आधीचा अन्याय थोडा कमी झाला एवढंच.

मडगाव मिडफिल्ड
तुम्ही दोघे देशांवर भांडताय, मला मूळ धाग्यावर बोलायचंय. क्लब वर्ल्ड कप बंद करा म्हणणं सोपं आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीचे खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळतात. बायर्नकडून 10-0 ने हरले, लोकांनी टिंगल केली. मग त्यांच्यातल्या क्रिश्चन ग्रे नावाच्या शिक्षकाने अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सविरुद्ध हेडरने गोल केला आणि 1-1 बरोबरी झाली. सौदीच्या अल हिलालने मँचेस्टर सिटीला 4-3 ने हरवलं. ब्राझीलच्या बोटाफोगोने पीएसजीला, फ्लमेंगोने चेल्सीला हरवलं. युरोपबाहेर फुटबॉल मेलेलं नाही हे या एका महिन्यात दिसलं.

ऑक्टोबर 2025 मध्ये आशियाई क्लब स्पर्धेत आमच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नासर झाली. त्यांचा रोनाल्डो आला नाही, आपण 2-1 ने हरलो, पण ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा स्टेडियम हललं. मोठ्या क्लबाशी खरा, गुणांचा सामना खेळायला मिळणं ही काय चीज आहे ते लिव्हरपूल किंवा माद्रिदच्या चाहत्याला नाही कळायचं.

उजवी बगल
ब्रायसनचा गोल मीही लाइव्ह बघितला, आणि त्या स्पर्धेला माझा विरोध नाही. ती आशियाची, मोसमाच्या आत बसणारी. माझा राग मोसम संपल्यावर महिनाभर खेळवण्यावर आहे.

पैशाकडेही बघा. बक्षिसांची रक्कम 100 कोटी डॉलर. चेल्सीने 11 कोटी डॉलरच्या आसपास नेले. ऑकलंडला नुसत्या सहभागाचे साधारण 36 लाख डॉलर, तर युरोपातल्या सर्वांत कमी मिळालेल्या क्लबालाही सव्वा कोटीच्या वर. दरी कमी कुठे झाली? आणि ब्राझीलचा फ्लुमिनेन्स! चाळिशीचा थियागो सिल्वा उभा राहिला, इंटरला हरवलं, उपांत्य फेरीत आले. तिथे चेल्सीकडून दोन्ही गोल कोणी केले? फ्लुमिनेन्सच्याच अकादमीत वाढलेल्या जुआव पेद्रोने, काही दिवसांपूर्वीच चेल्सीने विकत घेतलेल्या. त्याने आनंद साजरा केला नाही, हात जोडले. घडवलेली पोरं युरोपात जातात हे ब्राझीलच्या क्लबांचं दुखणं त्या सामन्यात उघडं पडलं आणि या स्पर्धेकडे त्याचं औषध नाही.

एडिसनकर
मी न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमपासून तासाभरावर राहतो. त्या उन्हाळ्यात इथे दुपारी तीनला मैदानावर काय होत असेल याची कल्पना भारतातून येणार नाही. चेल्सीच्या एन्झो फर्नांडेझला उन्हाने चक्कर आली होती, त्याने स्वतःच सांगितलं. शार्लटमध्ये वादळामुळे चेल्सी-बेनफिका सामना जवळपास दोन तास थांबला. विश्वचषकात प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा पाण्याचा ब्रेक ठेवलाय, याचा अर्थ फिफालाही धोका माहीत आहे. आणि बायर्नच्या मुसियालाचा पाय मोडला तो याच क्लब स्पर्धेत.

तिकिटांबद्दल बोलायलाच नको. ओरड झाल्यावर 60 डॉलरची थोडी तिकिटं काढली. बाकीचे दर बघून मी मुलाला सांगितलं, घरी टीव्हीवर बघू.

स्नायू आणि सांधे
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून एकच दुरुस्ती. मुसियालाची दुखापत पीएसजीचा गोलकीपर डोनारुमाशी झालेल्या धडकेची होती. ती थकव्याच्या खात्यात घालू नका, त्याने चांगला मुद्दा कमकुवत होतो. हॅमस्ट्रिंग, जांघ, टाच यांकडे बघा. सामन्यांची संख्या एक भाग झाला, मोसमांमधली सलग विश्रांती त्याहून महत्त्वाची. स्नायू भरून यायला आठवडे लागतात आणि मग हळूहळू भार वाढवावा लागतो. एक महिन्यात दोन्ही बसत नाही. बार्सिलोनाच्या यमालवरून त्यांचे प्रशिक्षक फ्लिक आणि स्पेन यांचं जे वाजलं, वेदनाशामक देऊन खेळवल्याचा आरोप झाला, त्यात 18 वर्षांच्या पोराचं शरीर दोन मालकांमध्ये वाटलं गेलं. तिथे क्लब बरोबर की देश, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

चौथा रेफ्री
मग उजवी बगल, तुमच्याच तर्काने सांगा. 48 संघांमुळे विजेत्याला सातऐवजी आठ सामने खेळावे लागणार. भार तो भारच. देशांचा चालतो आणि क्लबांचा नाही, असं कसं?

उजवी बगल
चार वर्षांत फार तर एक जास्तीचा सामना, आणि आठवा तर अंतिम चारपर्यंत गेलेल्यांनाच. त्याच्या बदल्यात सोळा देश आत. हा सौदा मी करेन. क्लब वर्ल्ड कपमध्ये फायनलला सात सामने, आणि चॅम्पियन्स लीग 125 वरून 189 सामन्यांवर गेली ती वेगळीच. त्यातून एकही नवा देश, एकही नवी लीग उभी राहिली नाही. 2029 ची आवृत्ती रद्द करा, मग आठव्या सामन्यावर बोलू.

पेठेतला स्टॉपर
कुरासावच्या गटात जर्मनी, इक्वेडोर आणि आयव्हरी कोस्ट आहेत. रेफ्री, पहिलाच सामना तुमच्या जर्मनीशी. सात गोल खाल्ले तरी मी त्यांच्याच बाजूने बसणार.

चौथा रेफ्री
बसा. पण तिसऱ्या सामन्यात दोन संघ बरोबरीवर समाधान मानून वीस मिनिटं चेंडू मागे-मागे फिरवत बसले, तर त्या रात्री इथे येऊन उत्तर द्यायचं.