बेटावरचा संथपणा अंगवळणी पडतो का?

इथे येऊन ३ महिने झाले, वॉशिंग मशीनचा पार्ट मागवून ५ आठवडे, दुकानदार रोज हसून 'पुढच्या बोटीला' म्हणतो, आणि काउंटरवर थेट कामाचं बोललं की सगळे गप्पच होतात, माझं काय चुकतंय?

उत्तर १: आधी नमस्कार, तब्येतपाणी, मग काम. मी पण आल्या आल्या बिल पुढे करायचो, उर्मट वाटतं हो ते, छोट्या जागेत तीच माणसं रोज भेटणार ना.

उत्तर २: दुकानदार तरी काय करणार, समुद्र खवळला की बोटच रद्द. बेल्ट, फिल्टर, फ्यूज जास्तीचे आणून ठेवत जा.

प्रश्नकर्ता: बेल्टच गेलाय 😅 आज आधी दुकानदाराच्या आईची विचारपूस केली तर पठ्ठ्याने जुन्या मशीनचा काढून दिला!