खड्याचे तुकडे टाकून देऊ नका

लहान मुलाचा मुतखडा काढताना आधी पाठीकडून किडनीत सुई घालून वाट करतात. ती एक्स-रेऐवजी 'सोनोग्राफीवर किडनीत सुई घालणं म्हणजे अंदाजपंचे कारभार' असं इथे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. लहान मुलाची किडनी कातडीपासून फार खोल नसते, त्यामुळे सोनोग्राफीत स्वच्छ दिसते. सुईच्या वाटेतलं आतडं, यकृत, प्लीहाही दिसतात. शिवाय पोराच्या अंगावर एक्स-रेचे किरण कमी पडतात, हे काय थोडं आहे?

पण खडा तपासण्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. माझ्या सात वर्षांच्या भाच्याचं असंच ऑपरेशन झालं तेव्हा खडा झाला म्हणून आम्ही सोलापूरच्या उन्हालाच दोष देत होतो. तुकडे डबीत घालून घरी आणले होते. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नेमके तेच मागितले. खडा कॅल्शियमचा, युरिक अ‍ॅसिडचा की सिस्टिनचा (हा प्रथिनांमधला एक घटक), हे त्यातून कळतं. सिस्टिनचा निघाला तर तो आनुवंशिक दोष असतो, मग भावंडांचीही लघवी तपासून घ्यावी लागते.