अनुभव धागा : रात्रीची नाकाबंदी आणि न थांबणारी गाडी

गणपती तोंडावर आले, महामार्गावर आता जागोजागी स्टॉपर लागतील. पोलीस, होमगार्ड, गाडीवाले, ज्यांनी रात्री नाक्यावर काही पाहिलंय त्यांनी लिहा. नाव आणि ठाणं नको.

निवृत्त हवालदार, बांदा
गोव्याकडून येणारा दारूचा टेम्पो थांबणार नाही, हे आधीच धरून चालायचं. वेग कमी करून थांबतोय असं दाखवतो, आपण दोन पावलं पुढे होतो, आणि तेवढ्यात तो अंगावर घालतो. म्हणून गाडी थांबली तरी तिच्यासमोर कुणी जायचं नाही. स्टॉपर आलटून पालटून लावायचे, म्हणजे गाडीला नागमोडी यावंच लागतं. वळण संपल्यासंपल्या नाकाबंदी लावणाऱ्याला मी स्वतः हलवलेलं आहे. पावसात तिथे सज्जन माणसाची गाडीसुद्धा घसरत येते.

इंजिन बंद, आतला दिवा चालू, मगच जवळ जायचं. ड्रायव्हरच्या दारासमोर नाही, दाराच्या मागच्या खांबाला लागून. त्याला मान वळवून बोलावं लागतं आणि दार धाडकन उघडलं तरी आपल्याला लागत नाही. जोडीदार पलीकडून, थोडा मागे. चेहरे नंतर, आधी सगळ्यांचे हात बघायचे. बॅटरी डाव्या हातात.

आणि सुटली गाडी तर जाऊ दे मेल्याक! नंबर वायरलेसवर द्यायचा. पुढे कुडाळ नाहीतर आंबोली, जातो कुठे?

महिला शिपाई, रायगड
ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत एके-४७ सापडल्या, तेव्हा जिल्हाभर नाकाबंदी होती. बोट भरकटत आलेली निघाली, पण हे नंतर कळलं. शेखाडीला १९९३ साली आरडीएक्स उतरलेला आमचा किनारा, त्यामुळे ती रात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हतीच.

आतला दिवा लावायला सांगितल्यावर ड्रायव्हर काय करतो, याकडे माझं लक्ष असतं. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर त्या गाडीने दिवे मंद केले नाहीत, उलट काचेवर पाणी मारून वायपर चालू केले, म्हणजे आतलं दिसूच नये. तिथे तुकाराम ओंबळ्यांनी रायफलची नळी धरली म्हणून कसाब जिवंत हाती लागला. काच झाकणारा, आतला दिवा टाळणारा, मांडीवरच्या शालीखाली हात ठेवणारा दिसला की मी पुढे होत नाही. ‘हात स्टेअरिंगवर ठेवा’ असं लांबूनच सांगते. आवाज चढवायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

होमगार्ड
चमकणारं जॅकेट मागितलं होतं. पावसाळा संपल्यावर मिळालं. बाकी काय लिहू!

मासळीचा टेम्पो चालवतो
आमचीही बाजू ऐका. अंधारात खाकी दिसत नाही, आणि बॅटरी थेट डोळ्यांत मारलीत की पुढचं काहीच दिसत नाही. पेटीतला बर्फ वितळतोय म्हणून घाईत असलेला माणूस पळून जातोय असं वाटतं तुम्हाला. काका, एक सांगा, मागच्या दाराची कडी कोणी काढायची, आम्ही की तुम्ही?

निवृत्त हवालदार, बांदा
बॅटरीचं खरं आहे. गाडी चालती असताना उजेड रस्त्यावर दाखवायचा, थांबल्यावर हातांवर. कडी तूच काढायची. आमी बाजूक उभे, दारासमोर नाय.