मदत हवी आहे: झाडाच्या आत राहणारे सूक्ष्मजीव कीड-रोग रोखतात, पण मारतं नक्की कोण?

बीजांकुर:

नमस्कार मंडळी,

टोमॅटोच्या मर रोगावर उपाय शोधताना एंडोफाइट हा प्रकार समोर आला. म्हणजे असे जिवाणू आणि बुरश्या ज्या झाडाच्या आत, बहुधा पेशींच्या मधल्या जागेत राहतात आणि झाडाला आजारी पाडत नाहीत. इथवर कळलं. पुढे वाचावं तसा गुंता वाढतोय.

एकीकडे लिहिलंय की हा जंतू स्वतः विष तयार करतो. दुसरीकडे म्हणतात की तो कोणाला मारत नाही, फक्त झाडाला सावध करतो. तिसरं मत असं की तो नुसता जागा आणि अन्न अडवून बसतो. यातलं खरं काय? की जंतूगणिक उत्तर वेगळं?

हे नुसतं कुतूहल नाही. विषच असेल तर रोग दिसल्यावर दिलं तरी चालायला हवं. सावध करणं असेल तर रोग येण्याआधीच द्यावं लागेल. आणि विष असेल तर ते फळात उतरतं का?

शिवाय झाडालाही प्रतिकारशक्ती असते, मग ती या पाहुण्यांना आत कशी येऊ देते?

"जैविक वापरा, फार छान" एवढेच प्रतिसाद कृपया नकोत. 🙏

तृणमूल:

जंतूगणिक वेगळं, हेच उत्तर. विषाचं सर्वात पक्कं उदाहरण गवतात आहे. थंड हवामानातल्या फेस्क्यू आणि रायग्रास या गवतांत एपिक्लोई नावाची बुरशी राहते. ती बियांतून पुढच्या पिढीत जाते, त्यामुळे बाहेरून गवताकडे बघून काही कळत नाही. अमेरिकेत फेस्क्यू चरणारी गुरं का आजारी पडतात हे कोडं बरीच वर्षं होतं. १९७७ मध्ये त्याचा संबंध या बुरशीशी जोडला गेला. तिचं अर्गोव्हॅलीन हे अल्कलॉइड (एक विषारी रसायन) रक्तवाहिन्या आकुंचित करतं, मग जनावराला उष्मा सोसत नाही. रायग्रासमधलं लोलिट्रेम-बी मेंढ्यांना अडखळायला लावतं.

पण तीच बुरशी पेरामीन आणि लोलीनही बनवते आणि ती किडींना नकोशी असतात. म्हणून न्यूझीलंडमध्ये या बुरशीचा एआर-१ हा वाण निवडला. तो पेरामीन बनवतो, पण लोलिट्रेम-बी आणि अर्गोव्हॅलीन बनवत नाही. मला हे सगळ्या विषयातलं सर्वात हुशारीचं काम वाटतं. बुरशी हाकलली असती तर कुरणं किडींच्या तोंडी गेली असती.

फळाची काळजी या बुरशीपुरती सोडा. एपिक्लोई गवतांतच राहते, टोमॅटोत नाही.

पानगळ:

+१, वाचतोय.

मुळाक्षर:

बीजांकुरताई, सावध करण्याचा पुरावा मला जास्त आवडतो, कारण प्रयोगाची मांडणीच चोख आहे. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये कार्नेशनच्या मुळांना स्युडोमोनासचा डब्ल्यूसीएस४१७ हा वाण दिला आणि मर रोगाची फ्युजॅरियम बुरशी वर खोडात टोचली. जिवाणू खाली, रोग वर, दोघांची गाठच नाही. तरी रोग कमी आला. त्याच वर्षी काकडीतही असंच दिसलं, मुळाला जिवाणू आणि पानावर करपा. म्हणजे तिथे लढलं ते झाड.

हे झाड सतत शस्त्र परजून उभं नसतं. ते परवडणारही नाही, वाढ खुंटेल. जिवाणूमुळे ते तयारीत राहतं आणि हल्ला झाला की जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन या स्वतःच्या संप्रेरकांचे संकेत वापरून लवकर आणि जोरात प्रतिसाद देतं. म्हणून तुमचा तर्क बरोबर आहे: हे आधी द्यायचं. बीजप्रक्रिया किंवा पुनर्लागवडीआधी रोपांची मुळं बुडवणं. मर लागलेल्या झाडाला आळवणी करून ते उठत नाही, कारण तोवर बुरशीने आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या अडवलेल्या असतात.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर झाड पाहुण्यालाही ओळखतं आणि विरोध करतं. हा डब्ल्यूसीएस४१७ मुळातला तो विरोध काही अंशी दाबतो. थोडक्यात, आत येण्याचं कौशल्य रोगजंतूकडे असतं तसंच यांच्याकडेही असतं.

बीजांकुर:

तृणमूल, मुळाक्षर, दोघांचेही आभार! मग जागा अडवणं ही नुसती थाप का? आणि बिव्हेरिया ही बुरशी कीटकाला थेट मारते ना, ती झाडात कशी काय?

खोडसाळ:

थाप नाही. फ्युजॅरियमचाच एफओ४७ हा निरुपद्रवी वाण आहे, फ्रान्समधल्या मर रोग न येणाऱ्या मातीतला. तो रोगकारक फ्युजॅरियमशी अन्नासाठी स्पर्धा करतो, आणि वर झाडाला सावधही करतो. एकाच जंतूची दोन कामं.

बिव्हेरिया बाहेर फवारली तर किडीच्या अंगात शिरून मारते. मक्याच्या आत असली की खोडकिड्याची पोखरण कमी होते, पण आत मेलेली, पांढऱ्या बुरशीने माखलेली कीड क्वचितच दिसते. म्हणजे आत तिची रीत वेगळी असावी.

आणि एक चौथा प्रकारही यादीत घाला. भाताच्या बियांत स्फिंगोमोनास मेलोनिस हा जिवाणू सापडला, त्यावरचं संशोधन २०२१ मध्ये आलं. तो अँथ्रानिलिक आम्ल बनवतो. त्याने रोपं कुजवणारा बर्खोल्डेरिया मरत नाही, त्याची विष बनवण्याची यंत्रणाच बिघडते. सरळ निःशस्त्र!

फक्त बाटलीवरच्या दाव्यांवर जाऊ नका. जंतूचं नुसतं कुळनाव लिहिलं असेल तर वाण विचारा, कारण हे गुण वाणाचे असतात, कुळाचे नाहीत. पिकाची जात बदलली तरी परिणाम बदलतो.

बीजांकुर:

हे फार उपयोगी पडलं. शेवटचा प्रश्न: बियाणं आधीच बुरशीनाशक लावून आलंय. त्यावर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीशी लढणारी उपयोगी बुरशी) चोळला तर तो तग धरेल का?

मुळाक्षर:

कोणतं बुरशीनाशक ते पाकिटावर बघून इथे लिहा. काही ट्रायकोडर्माला सोसतात, काही नाही. तोवर स्युडोमोनास वापरा. तो जिवाणू आहे, बहुतेक बुरशीनाशकांचा त्याला तितका त्रास होत नाही. तांबेयुक्त असेल तर मात्र तोही नको.