चावट विडंबनपट 'सगळ्यांचीच खेचतात' हे खरंय का?

सातरस्तावाला: परवा हॉरर पिक्चरांची टर उडवणारा स्केअरी मूव्ही परत बघितला, २००० सालचा पहिला भाग. कॉलेजात सीडीवर बघून नुसता हसलो होतो, यावेळी डोक्यात वेगळंच बसलं. डायरेक्टर किनन आयव्हरी वेयन्स, लिहिणाऱ्यांत आणि काम करणाऱ्यांत त्याचे भाऊ शॉन आणि मार्लन, म्हणजे काळ्या माणसांच्याच हातात पिक्चर. हॉररमध्ये काळा माणूस एकतर नसतोच नाहीतर आधी मरतो ही जुनी तक्रार, स्क्रीम २ मध्ये थिएटरला आलेली काळी मुलगी तेच बोलते आणि तिथंच मारली जाते. वेयन्सनी तो सीन उचलला, पण यांची ब्रेंडा एवढी बडबड करते की मुखवटेवाल्या खुन्याच्या आधी वैतागलेले प्रेक्षकच तिला भोसकतात. माझं म्हणणं, कितीही चावट असू दे, पण हसवणारा त्यांच्यातलाच असला की असा पिक्चर भाषणापेक्षा जास्त काम करतो.

नवीपेठ८४: काय बे, कॉमेडीत पण हजेरीपट घेऊन बसायचं का आता? कोण काळा, कोण गोरा, कोण किती वेळ पडद्यावर. दादा कोंडकेंचा पांडू हवालदार १९७५ चा, माझी आजी विडी वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात बसून असले पिक्चर बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. गरीब बाईला मोकळं हसता आलं, मला तेवढं बास आहे. विडंबन सगळ्यांचंच करतं, त्यात एकाला सोडलं तर तोच खरा भेदभाव.

पूर्वभागची_पोर: सगळ्यांचंच करतं हे मला अजिबात पटत नाही दादा. आमच्या घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर होते, मी मराठी शाळेत शिकले. पिक्चरमध्ये कुणी 'अय्यो' म्हणत आलं की दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे माझ्याकडे बघून तेच म्हणायचे, मी घरी जाऊन आईला सांगायचे की शाळेत न्यायला येऊ नको, तू बोललीस की हसतात. ती अजून कधीमधी विचारते की तेव्हा मी का नको म्हणायचे, आणि मला सांगता येत नाही. त्या पिक्चरवाल्याच्या खोलीत आमच्यातलं एक माणूस असतं तर त्या अय्योच्या पुढं पण दोन वाक्यं त्या पात्राला मिळाली असती.

आणि सातरस्तावाले दादा, त्याच पिक्चरमधली व्यायामाची मॅडम, मिस मॅन, आठवते का? तिच्या शरीरावरच सगळा विनोद. ब्रेंडाचा बॉयफ्रेंड 'रे' लपून गे आहे हाच पिक्चरभर जोक, आणि तो रोल खुद्द शॉनचा. स्वतःवरच्या अन्यायावर एवढं बारीक लिहिणारे दुसऱ्याच्या वाट्याला गेल्यावर एकदम ढोबळ होतात.

सातरस्तावाला: ताई, मिस मॅनचं मी लिहायला पाहिजे होतं, तिथं मी पण हसलो होतो. पण ब्रेंडावर ठाम आहे. रेजिना हॉलनं ती बाई एवढी जिवंत केलीय की मेल्यावर पण दुसऱ्या भागात परत आणावी लागली.

नवीपेठ८४: मग काय, प्रत्येक जातीचा माणूस विचारून जोक लिहायचा का? असं झालं तर कुणी चावट लिहिणारच नाही, सगळं मिळमिळीत होईल. आईचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण पिक्चर बंद करून वर्गातली पोरं सुधारत नाहीत.

मोडनिंबचा_ढोलकीवाला: बंद करा असं कोण म्हणालंय ओ? तमाशातला बायकी हावभाव करणारा नाच्या बघा. गणपत पाटलांनी आयुष्यभर पडद्यावर नाच्या केला, लई मोठा नट, पण लोकांनी रस्त्यात, घरच्यांसमोर सुद्धा त्यांना तसंच हिणवलं. विनोद तंबूत संपत नाही, माणसाच्या मागं घरापर्यंत जातो. माझ्या ओळखीचा एक जोगता आहे, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेला, देवीच्या सौंदत्तीला दरवर्षी जातो, बोलायला लागला की पोट दुखेपर्यंत हसवतो आणि लई चावट बोलतो, आम्ही कुणी तसं बोललो तर कानाखाली खाऊ. त्याच्या हातात पिक्चर द्या की एकदा, मी पहिल्या रांगेचं तिकीट काढतो.

पूर्वभागची_पोर: दोन काढा, आईला घेऊन येते.