मदत हवी आहे: घरी 520 ग्रॅम दाखवणारा ट्रिगर तपासणीत 500 चं वजन उचलत नाही

इचलकरंजीकर

नमस्कार मंडळी,

इथे नेमबाजी करणारे, शिकवणारे कुणी असतील तर जरा मार्गदर्शन करा. मुलगी पंधरा वर्षांची आहे, 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. पिस्तूल वापरलेलं घेतलंय, कॉम्प्रेस्ड एअरचं, मेकॅनिकल ट्रिगरचं. या प्रकारात ट्रिगरचं वजन किमान 500 ग्रॅम लागतं एवढं मला माहीत होतं, म्हणून हुक असलेला एक डिजिटल गेज आणला. त्यावर आकडा कधी 515, कधी 530 येतो. म्हणजे आपण नियमात बसतो अशी खात्री होती.

मागच्या स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला त्यांनी पिस्तुलाची नळी वर धरून वजन अडकवलं, उचललं आणि ट्रिगर सुटला. तीन वेळा उचलून बघितलं, तिन्ही वेळा तेच. मग तिथल्याच एका अनुभवी खेळाडूने स्क्रू फिरवून दिला आणि पिस्तूल पास झालं. त्यांचे उपकारच झाले. पण तेव्हापासून पोरगी म्हणते, "बाबा, ट्रिगर माझा राहिला नाही." गोळी सुटायच्या आधी हात आवळला जातो आणि शॉट डावीकडे खाली जातो. ती उजव्या हाताने खेळते.

माझे प्रश्न:

गेज आणि तपासणीतलं वजन यांत एवढा फरक का पडतो? गेज खराब आहे का?

नेमके 500 ठेवायचे की थोडे जास्त? जास्त म्हणजे किती?

त्या गृहस्थांनी कोणता स्क्रू फिरवला ते कळायला मार्ग आहे का? आमच्या क्लबचे सर मुळात रायफलचे आहेत, ते म्हणतात पिस्तुलाच्या ट्रिगरला मी हात लावणार नाही.

आणि एकजण "आतले पार्ट पॉलिश करून ट्रिगर लोण्यासारखा करून देतो" म्हणतोय. करून घ्यावं का?

तिसरी_लेन

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: अजिबात नाही. सिअरचा, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत आतली यंत्रणा अडवून धरणाऱ्या खटक्याचा, कोन कारखान्यात घासून बसवलेला असतो आणि त्यावर कडक केलेला पातळ थर असतो. तो थर गेला की ट्रिगर महिनाभर लोण्यासारखा वाटेल, नंतर धक्क्याने सुटायला लागेल. मॅच पिस्तुलाला बाहेरून फिरवायचे स्क्रू दिलेत ते याचसाठी. त्याच्या आत कानस न्यायची गरज नाही.

आता गेज. तुमचा गेज बहुतेक ठीक आहे, हुक कुठे बसतो आणि तुम्ही कसं ओढता यात घोळ आहे. ट्रिगर वरच्या पिनभोवती फिरतो. त्या पिनपासून जितकं खाली ओढाल तितका कमी जोर लागतो. समजा पिनपासून 25 मिमीवर 500 ग्रॅम लागतात. तोच ट्रिगर 22 मिमीवर ओढला तर साधारण 568 लागतील, 28 मिमीवर 446. स्क्रूला हात न लावता, फक्त हुक तीन मिमी वरखाली झाल्याने. तुमचा हुक ट्रिगरच्या पात्याच्या (बोट टेकतं तो भाग) वरच्या वळणात जाऊन बसत असेल तर 520-530 दिसणारच. शिवाय डिजिटल गेज सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो, शेवटी हाताला किंचित झटका बसला तरी तोच लिहितो.

तपासणीत यातलं काही चालत नाही. नळी उभी, वजन पात्याच्या मधोमध, सावकाश सरळ वर उचलायचं. वजन म्हणजे खरंच लोखंडी वजन, स्प्रिंगचं किंवा इलेक्ट्रॉनिक साधन चालत नाही. तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही गेले तर ट्रिगर वाढवून पुन्हा यावं लागतं. एअर पिस्तुलाला मोजताना आत हवेचा चार्ज सुटला पाहिजे, हेही नियमात आहे. घरी तुम्ही ड्राय फायरवर, म्हणजे हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबून, मोजत असाल तर तिथेही आकडा हलू शकतो.

एक उपाय सांगतो, बाजारातल्या कुठल्याही गेजपेक्षा भारी. उद्यमनगरात लेथवाल्याकडून एक लोखंडी वजन करून घ्या, वर दांडी आणि टोकाला धारेसारखी सरळ कड. रोलर नको, नियमात रोलर चालत नाही. दांडीसकट सगळं मिळून 510 ग्रॅम भरलं पाहिजे. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या, आमचा सराफ हसत हसत तोलून देतो. पिस्तुलाने ते टेबलावरून अलगद उचललं की विषय संपला.

हौशी_नेमबाज

510 कशाला? नियम 500 आहे तर 500 वरच ठेवायचा. हलका ट्रिगर म्हणजे चांगला स्कोअर, साधी गोष्ट आहे. मी तर 501 वर ठेवतो.

तिसरी_लेन

@हौशी_नेमबाज, तुम्ही ठेवा. पण मॅच संपल्यावर चिठ्ठी टाकून पुन्हा तपासतात. तेव्हा वजन सुटलं तर थेट अपात्र, तिथे स्क्रू फिरवायची संधी नसते. सकाळी थंड हॉलमध्ये 501 असलेला ट्रिगर दुपारी कसा असेल, आत वंगणाचा चिकटा किती बसलाय, स्प्रिंग किती थकली, यावर पंच्याहत्तर मिनिटांचा सामना टांगायचा का? दहा-पंधरा ग्रॅम बोटाला कळतही नाहीत. कळतं ते वेगळंच, त्यावर खाली लिहितो.

रायफलवाली_पुणे

मी बालेवाडीला रायफल खेळते, म्हणून थोडं आमच्या बाजूने. इचलकरंजीकर काका, तुमचे क्लबचे सर पिस्तुलाला हात लावत नाहीत हे चांगलंच आहे, कारण आमच्याकडे हा प्रश्नच नाही. 10 मीटर एअर रायफलला किमान वजनाची अटच नाही. शंभर ग्रॅमच्या आसपासचे ट्रिगर आमच्याकडे सर्रास दिसतात, काहींचे त्याहून हलके. ती सवय डोक्यात ठेवून कुणी पिस्तूल सेट केलं तर गडबड ठरलेली. 300 मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र 1500 ग्रॅम लागतात, पण ती आपल्याला कुठे बघायला मिळते!

तिसरी_लेन

हां, आता मुलीचं "ट्रिगर माझा राहिला नाही" हे वाक्य. मला तुमच्या पोस्टमधलं हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

मॅच पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. फर्स्ट स्टेजमध्ये पातं मागे येतं, मग एक भिंत लागते. ती भिंत म्हणजे सेकंड स्टेज. ती ओलांडली की गोळी सुटते. 500 हा आकडा दोघांची बेरीज आहे. समजा पहिल्यात 400 आणि दुसऱ्यात 120. एकूण 520. किंवा पहिल्यात 300 आणि दुसऱ्यात 220. एकूण तेच 520, वजनही दोन्ही वेळा उचललं जाईल, पण बोटाला ही दोन वेगळी पिस्तुलं वाटतील. पहिल्या मांडणीत बोटाने आधीच बहुतेक वजन उचललेलं असतं, शेवटी थोडंसंच उरतं. दुसऱ्या मांडणीत भिंतीपाशी थांबून पुन्हा जोर करावा लागतो. सरावातला हात नसेल तर तो जोर बोटापुरता राहत नाही, अख्खी मूठ आवळते. उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट मग डावीकडे खाली जातो. तुम्ही लिहिलंय तेच.

माझा अंदाज असा: त्या गृहस्थांनी घाईत सेकंड स्टेजचा स्क्रू वाढवला. पास करायला तो सर्वांत जवळचा रस्ता. तुम्ही तो होता तिथे परत आणा आणि कमी पडलेलं वजन फर्स्ट स्टेजमध्ये घाला. म्हणजे सुटण्याचा क्षण तिला ओळखीचा राहील.

कोणता स्क्रू कोणता हे प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात चित्रासकट दिलेलं असतं. कंपन्यांच्या वेबसाइटवर ते मिळतं, वापरलेल्या पिस्तुलाचंही. अंदाजाने फिरवू नका, कारण शेजारीच ट्रिगर स्टॉपचा (गोळी सुटल्यावर पातं आणखी मागे जाऊ न देणारा) आणि सिअरच्या पकडीचा स्क्रू असतो. पकडीचा स्क्रू बिनकामाचा फिरवला तर सेकंड स्टेज नाहीशी होते.

काम करताना: आत पेलेट (छर्रा) नाही हे दोनदा बघा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) घाला. फक्त वजन उचलून बघताना फ्लॅग काढायचा, कारण तेव्हा हवा सुटते; तेव्हा नळी वर आणि समोर कुणी नाही. आधी स्क्रूच्या जागेचा फोटो काढा. एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव आटा. मग वजन उचलून बघा. शेवटी कॉक करून ग्रिपवर तळहाताने दोन-चार चापट्या मारा. सुटलं तर पकड कमी झालीय, ते पिस्तूल रेंजवर नेऊ नका, जाणकाराला दाखवा. पातं पुढेमागे सरकवलं किंवा तिरकं केलं तरी पुन्हा मोजायचं. पोरांची बोटं वाढतात, पातं सरकवावं लागतं आणि वजनाची आठवण कुणालाच राहत नाही.

इचलकरंजीकर

सर, आजच माहितीपत्रक उतरवून घेतलं. तुमचा अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या टप्प्याच्या स्क्रूवर ताजा ओरखडा आहे, बाकीच्या स्क्रूंवर जुनी धूळ. तो स्क्रू उलटा पाव-पाव आटा घेत मागे आणला आणि पहिला वाढवला. वजन अजून लेथवाल्याकडे आहे, तोपर्यंत गेजचा हुक पात्याच्या मध्यावर चिकटपट्टीने खूण करून तिथेच लावतोय. दुसरा मागे आणल्यावर तिथे 495 दिसायचे, पहिला वाढवल्यावर 515 झाले. चापट्याही मारून बघितल्या, सुटलं नाही.

तिचं म्हणणं, भिंत परत ओळखीची झाली. पण हात आवळायची सवय लागलीये ती?

रायफलवाली_पुणे

ती सवय स्क्रूने जात नाही काका. टार्गेटच्या जागी कोरा पांढरा कागद लावा आणि ड्राय फायर करायला सांगा. काळा गोल नसला की डोळा दहाच्या मागे धावत नाही, साइट हलली की लगेच दिसतं. आधी काही दिवस तेवढंच, मग पेलेट घालून कोऱ्या कागदावर. स्कोअर लिहायचा नाही. आमच्याकडे कनिष्ठ गटातल्या मुली हे करतात, कंटाळतात, पण करतात.

हौशी_नेमबाज

बरं, मीही वजन करून घेतो. 501 चा नाद सोडला असं समजा.

इचलकरंजीकर

अजून एक विचारतो. पुढे ती 25 मीटर पिस्तूलही खेळायचं म्हणते, राही सरनोबतचे सामने बघून. त्याला किती लागतं? लेथवाल्याला एकदमच दोन वजनं सांगू का?

तिसरी_लेन

सांगा. 25 मीटर पिस्तुलाला किमान 1000 ग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट. त्यासाठी 1010 चं करून घ्या आणि दोन्ही वजनांवर आकडा कोरून घ्या. फक्त ते .22 चं अग्निशस्त्र आहे. परवाना, क्लबची देखरेख, सगळं वेगळं. त्याच्या ट्रिगरला घरी कुणीही हात लावायचा नाही, क्लबच्या शस्त्रपालाकडेच द्यायचं. आणि एअर पिस्तुलाचा स्कोअर बसेपर्यंत थांबा. एकाच आठवड्यात 500 आणि 1000 अशा दोन ट्रिगरवर हात घातला की बोट गोंधळतं, मोठ्यांचंही. वजन मात्र आत्ताच करून ठेवलं तर हरकत नाही, लेथवाला एका फेरीत देईल.